रेंज नाही, तरी लॉगिन होतं ते कसं?

परतवाडा सोडून धारणीच्या रस्त्याला लागलं की घाट सुरू होतो आणि मोबाइलच्या रेंजचा भरवसा संपतो. याच रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह आहे. देशात सुरुवातीला जे नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यांतल्या मेळघाटातलं हे गाव. इथल्या वनरक्षकाच्या हाती आता काठीबरोबर मोबाइलही आला आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० मध्ये ‘एम-स्ट्राइप्स’ ही गस्तीची नोंदपद्धत आणली. पगमार्क, विष्ठा, तोडलेलं झाड, जे दिसेल ते जागच्या जागी टिपायचं. जीपीएसला टॉवर लागत नाही, उपग्रह पुरतात. त्यामुळे नोंदी मोबाइलमध्येच साठवता येतात आणि नेटवर्क मिळालं की पुढे पाठवता येतात.

नोंदीचं असं निभावतं. ती करणाऱ्या माणसाची ओळख कोण पटवणार? कार्यालयाचा कॉम्प्युटर ‘पासवर्ड टाका’ म्हणतो, तेव्हा तो खरा की खोटा हे ठरवणारा सर्व्हर बहुधा दूर कुठे तरी असतो. मग ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकायची लोकांना सवय होते.

पासवर्ड जन्मला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत एकच अवाढव्य यंत्र अनेक जण वापरत. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून फर्नांडो कॉर्बातो यांनी पासवर्डची सोय केली. तिथल्याच अ‍ॅलन शेर या संशोधकाला ठरवून दिलेला वेळ अपुरा पडायचा. १९६२ मध्ये त्याने पंच कार्डावर रीतसर विनंती देऊन पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली! साठवलेला पासवर्ड चोरता येतो, हा धडा इतका जुना आहे. म्हणून आज शहाणी यंत्रणा पासवर्ड जसाच्या तसा ठेवतच नाही. त्याच्यावर गणिती प्रक्रिया करून निघालेला ठसा तेवढा ठेवते. पासवर्डवरून ठसा काढता येतो, ठशावरून पासवर्ड उलटा काढता येत नाही.

हाच ठसा घाटात कामाला येतो. विंडोजच्या ज्या कॉम्प्युटरचं नाव कार्यालयाच्या मुख्य सर्व्हरवर नोंदलेलं असतं, तो यशस्वी लॉगिनचा ठसा स्वतःजवळही ठेवतो, सहसा शेवटच्या १० जणांचा. तो करताना तीच प्रक्रिया १०,२४० वेळा फिरवली जाते. मुद्दाम इतकी, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला एकेक पासवर्ड अंदाजाने तपासताना घाम फुटावा. सेमाडोहला रेंज नसताना लॅपटॉप उघडतो तो यामुळे. मात्र एक अट आहे. त्या माणसाने त्या यंत्रावर आधी एकदा तरी नेटवर्कमध्ये लॉगिन केलेलं असलं पाहिजे. नवा कोरा लॅपटॉप खोक्यातून थेट घाटात नेला, तर तो कुणालाच ओळखणार नाही. पहिलं लॉगिन अमरावतीत किंवा परतवाड्यातच उरकावं.

नेटवर्क मिळालं की वेगळीच गंमत होते. माणूस तोच, पासवर्ड बरोबर, तरी सर्व्हर दार उघडत नाही. अशा वेळी आधी कॉम्प्युटरचं घड्याळ पाहावं. कार्यालयांतल्या विंडोजमध्ये ‘कर्बेरॉस’ नावाची पद्धत चालते. तीही एमआयटीचीच, ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या राखणदार कुत्र्याच्या नावाची. जुना संदेश चोरून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून तिला दोन्हीकडच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक खपत नाही. डेस्कटॉपमधला बटणाएवढा सेल संपला आणि वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. बिचारा कर्मचारी पासवर्ड बदलत बसतो, दुखणं असतं सेलचं.

ओटीपीचंही तसंच. एसएमएसने येणारा ओटीपी टॉवरवर अवलंबून असतो. पाच मिनिटांची मुदत संपल्यावर दहा मिनिटांनी तो उगवला तर काय उपयोग? त्यापेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त संख्या सर्व्हर आणि मोबाइल दोघांकडे जाते. पुढे १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजायचे, त्यांचे तीस-तीसचे गट पाडायचे, आणि गटाचा क्रमांक व गुप्त संख्या मिळून सहा आकडे काढायचे. दोन्हीकडे गणित तेच, म्हणून उत्तरही तेच. मोबाइलला रेंजचा एक दांडा नसला तरी चालतं, घड्याळ मात्र बरोबर हवं.

मेळघाटात नेटवर्क आणायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. सेमाडोहच्या पुढे याच रस्त्यावरचं हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टच्या त्या प्रकल्पात टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून इंटरनेट पोचवलं गेलं. वायफायपेक्षा या लहरींची लांबी जास्त, म्हणून झाडीतून त्या अधिक चांगल्या जातात. कल्पना जागेला साजेशी होती.

पण घाटात सगळीकडे नेटवर्क पोचेपर्यंत यंत्राच्या स्मरणशक्तीवर भागवायचं, तर तिची दुसरी बाजूही पाहावी लागते. कुणाची बदली झाली आणि अमरावतीत त्याचं खातं बंद केलं, तरी घाटातल्या कॉम्प्युटरला ते कळत नाही. जुना पासवर्ड तिथे खुशाल चालतो. ते यंत्र नेटवर्कमध्ये येऊन सर्व्हरशी बोलेपर्यंत त्याच्या लेखी बदली झालेलीच नाही. किती जणांचे ठसे जवळ ठेवायचे, हा आकडा विंडोजमध्ये ० ते ५० असा ठरवता येतो. शहरातल्या कार्यालयात ० ठेवला तर सुरक्षा वाढते. सिपनाकाठी ० ठेवला, तर रेंज गेली की काम बंद. तिथे त्या यंत्रावर खरोखर बसणारे दोघे-तिघे असतील, तर आकडा २ किंवा ३ ठेवावा आणि बदलीचा आदेश निघाला की लॅपटॉपही एकदा परतवाड्याला नेऊन आणावा.