मंदीतला फोनोग्राफ बाजार

अमेरिकेतल्या जुन्या फोनोग्राफांच्या प्रदर्शनांत २००८ सारख्या मंदीची झळ सगळ्या यंत्रांना सारखी बसत नाही. व्हिक्टर कंपनीने १९०६ पासून कर्णा पेटीत दडवलेली व्हिक्ट्रोला यंत्रे लाखांनी विकली. ती आजही मुबलक असल्याने पैशाची चणचण आली की आधी तीच पडून राहतात. मूळ कर्णा, मूळ रंग आणि धडधाकट स्प्रिंग असलेल्या दुर्मिळ यंत्राला मात्र गिऱ्हाईक मिळू शकते. विक्री झाली नाही तरी विक्रेत्याला टेबलाचे भाडे, प्रवास आणि अवजड यंत्रांची ने-आण चुकत नाही. म्हणून प्रदर्शन संपत आले की भाव उतरतात किंवा अदलाबदल होते. सुया, साउंडबॉक्स, मेणाचे सिलिंडर अशा किरकोळ वस्तू परवडतात, त्यामुळे त्या त्यातल्या त्यात खपतात.