बुरशीची कायमस्वरूपी काचपट्टी

गव्हाच्या पानावरील तांबेऱ्याची पूड बोटाला लागली म्हणजे ती निव्वळ गंजासारखी भासते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिच्यात असंख्य एकपेशी बीजाणू दिसतात. पीक पक्व होताना येणारे काळपट बीजाणू द्विपेशी असतात. हौशी निरीक्षकाची अडचण पुढेच असते. पाण्यात मांडलेला नमुना लवकरच सुकतो आणि पाहिलेले दुसऱ्यास दाखविता येत नाही.

यावर लॅक्टोफिनॉल हा जुना व खात्रीचा उपाय आहे. फिनॉल २० ग्रॅम आणि लॅक्टिक आम्ल २०, ग्लिसरीन ४० व पाणी २० मिलिलिटर, असे त्याचे प्रमाण. ग्लिसरीनमुळे नमुना सुकत नाही. पावावरील बुरशीचे रंगहीन तंतू दिसावेत म्हणून त्यात कॉटन ब्लू हे रंजक मिसळतात. तांबेऱ्यास त्याची गरज नाही, त्याचा मूळ रंगच ओळखीस उपयोगी पडतो. फिनॉलने कातडी भाजते, म्हणून घरी ते वगळून केवळ लॅक्टिक आम्ल व ग्लिसरीन वापरणे शहाणपणाचे.

थेंब लहानच घ्यावा. वरची पातळ काच तिरपी टेकवून हळूच सोडली म्हणजे हवेचे बुडबुडे सहसा राहत नाहीत. बाहेर आलेला द्रव टिपकागदाने पूर्ण टिपावा; ओलसर कडेवर नेलपॉलिश धरत नाही आणि पुष्कळ पट्ट्या बिघडतात त्या येथेच. पहिला थर वाळल्यावर दुसरा द्यावा.

पट्टीवर वनस्पती, गाव व दिनांक लिहिलेच पाहिजेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर बुरशी-संग्रहासारख्या ठिकाणी नमुन्यामागे अशाच नोंदी जपल्या जातात. बुरशीचे नाव तज्ज्ञाकडून मागाहूनही लिहून घेता येते.