जलरंगांतील पातूर

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावर, डोंगरांच्या पायथ्याशी पातूर वसले आहे. टेकडीत कोरलेली प्राचीन लेणी, शेख बाबूंचा दर्गा, फाल्गुनातील निष्पर्ण पण केशरी फुलांनी लवलेला पळस आणि मातीच्या भिंतींची जुनी घरे असे विषय चित्रकारास येथे पावलोपावली लाभतात.

जलरंगात पांढरा रंग सहसा वापरीत नाहीत; भिंतीवरचे ऊन म्हणजे न रंगविलेला कोरा कागदच होय. फिकट छटा आधी, गडद मागाहून. चुकलेली छटा तैलरंगाप्रमाणे झाकता येत नाही. त्यातून वऱ्हाडचा उन्हाळा! कुंचला फिरतो न फिरतो तोच रंग सुकतो. यास्तव कागद आधी ओला करून काम सकाळीच उरकणे इष्ट.

या माध्यमास दुय्यम लेखणे योग्य नव्हे. सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील विख्यात चित्र जलरंगातीलच आहे.

खेडोपाडी मातीची घरे जाऊन सिमेंटची घरे उभी राहत आहेत. पांढऱ्या मातीच्या भिंतींवर पावसाचे ओघळ उमटतात. ओल्या रंगाच्या ओघळात ते हुबेहूब उतरतात. अशा चित्रामागे गल्लीचे नाव व तारीख अवश्य नोंदवावी.