दहा सेंटच्या नाण्याची किंमत

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. लांबलचक मोटार, पांढराशुभ्र फ्रिज, हिरवळीतले बैठे घर, बैठकीत टेलिव्हिजन आणि त्याच्यासमोर हसरे कुटुंब. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत हे चित्र तयार झाले. रंगीत मासिकांतल्या जाहिरातींनी आणि हॉलिवूडच्या चित्रपटांनी ते जगभर पोचवले. ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे पाहण्यासाठी आज आपण एक लहानसे नाणे हातात घेऊ.

हे नाणे दहा सेंटचे. अमेरिकेत त्याला 'डाइम' म्हणतात. १९४६ च्या जानेवारीत त्यावर दिवंगत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा चेहरा आला. १९५० साली एका डॉलरला पावणेपाच रुपयांच्या आसपास पडत, म्हणजे डाइमची किंमत आपल्याकडचे साडेसात आणे. या नाण्यात कोकाकोलाच्या दोन लहान बाटल्या येत. मुलांचे एक कॉमिक येई. तीन पत्रांची तिकिटे घेऊन वर एक सेंट उरे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे भाडे १९०४ पासून पाच सेंट होते, ते १९४८ च्या जुलैत दहा सेंट झाले, तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला.

रांगा आणि महागाई

युद्ध संपले म्हणजे लगेच सुबत्ता आली, असे मुळीच झाले नाही. युद्धाच्या काळात साखर, मांस, लोणी, पेट्रोल, बूट सगळे रेशनवर होते. इतर बंधने उठली तरी साखरेचे रेशन १९४७ च्या जूनपर्यंत चालले. सरकारने भावांवर घातलेली मर्यादा १९४६ मध्ये सैल झाली आणि भाव भडकले. त्या वर्षीच्या शरद ऋतूत खाटिकांची दुकाने ओस पडली. मांसावरचे भावनियंत्रण शेवटी ऑक्टोबरात काढून टाकावे लागले. नायलॉनच्या मोज्यांसाठी तर बायका रात्रंदिवस रांगेत उभ्या राहत. जून १९४६ मध्ये पिट्सबर्ग शहरात १३,००० जोड्यांसाठी सुमारे ४०,००० लोक जमले आणि मारामारीपर्यंत पाळी आली. रांगेतली धक्काबुक्की काही फक्त आपल्याकडचीच नाही!

१९५० पर्यंत गाडी रुळावर आली. त्या सालच्या सरकारी नोंदींप्रमाणे पौंडभर पाव सुमारे १४ सेंटला, डझनभर अंडी ६० सेंटला, पौंडभर लोणी ७३ सेंटला, पौंडभर कॉफी ७९ सेंटला आणि घरपोच अर्धा गॅलन दूध ४१ सेंटला मिळे. किमान वेतन त्याच वर्षी तासाला ४० सेंटवरून ७५ सेंट झाले. म्हणजे तासाभराच्या मजुरीत डझनभर अंडी आणि वर पाव येई. हे वाचून आमच्या वाचक भगिनींना हेवा वाटेल.

पण थांबा. किमान वेतनाचा कायदा १९३८ चा. त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या होत्या. दक्षिणेकडच्या राज्यांत ही दोन्ही कामे प्रामुख्याने कोण करत होते? कृष्णवर्णीय लोक. कायद्यात 'काळा' हा शब्द कुठेही नव्हता, तरी कायद्याचे छत्र नेमके त्यांच्या डोक्यावरून काढलेले होते. परिणाम आकड्यांत दिसतो. १९५० साली गोऱ्या कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न सुमारे ३,४०० डॉलर होते, तर गोरेतर कुटुंबाचे १,९०० च्या आतच. पावाचा भाव मात्र दोघांना एकच.

घराची किल्ली

त्या काळातले सर्वांत मोठे स्वप्न म्हणजे स्वतःचे घर. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटाउन नावाची वसाहत उभी राहू लागली. कारखान्यात मोटार तयार व्हावी तशी घरे तिथे तयार होत. कामगारांची एक टोळी नुसता पाया घाली, दुसरी भिंती उभारी, तिसरी फक्त रंग लावी. १९४९ मध्ये असे घर ७,९९० डॉलरला मिळे. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला सुरुवातीला एक पैसाही न भरता, महिना ५८ डॉलरच्या हप्त्यावर ते घेता येई.

फक्त तो सैनिक गोरा असला पाहिजे. वसाहतीच्या सुरुवातीच्या करारांत तशी अटच छापलेली होती. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तरीही लेव्हिटाउनचे दार बंदच राहिले. १९४४ च्या कायद्याने सर्व माजी सैनिकांना स्वस्त कर्जाची हमी दिली होती, पण कर्ज देणारी बँक गावातलीच, आणि तिथला साहेबही गावातलाच. मिसिसिपी राज्यात १९४७ मध्ये अशी ३,२२९ कर्जे दिली गेल्याचे आढळले. त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना किती? दोन! युद्धात रक्त सांडताना रंग आडवा आला नव्हता, घर घेताना मात्र आला.

पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपे मुलांसह राहायला आले, तेव्हा घराबाहेर जमाव जमला आणि दगडफेक झाली. मायर्स कुटुंब घर सोडून गेले नाही. काही गोरे शेजारीही त्यांच्या पाठीशी उभे राहिले, हेही सांगितले पाहिजे.

गाणी, खेळ आणि सुपरमॅन

आता थोडे करमणुकीकडे वळू. १९४६ हे चित्रपटगृहांच्या गर्दीचे सोन्याचे वर्ष ठरले. पुढे टेलिव्हिजनने ती गर्दी ओढून घेतली. १९५० मध्ये दहातल्या जेमतेम एका घरात टेलिव्हिजन होता, १९५५ पर्यंत तीनपैकी दोन घरांत पोचला. दक्षिणेत मात्र चित्रपटाचे तिकीट काढूनही कृष्णवर्णीयांना वेगळ्या जिन्याने वर जाऊन सज्जात बसावे लागे.

तरी याच क्षेत्रात भिंतीला पहिल्या भेगा पडल्या. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघातून बेसबॉलच्या मैदानात उतरला. त्याआधी सुमारे साठ वर्षे मोठ्या संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. प्रेक्षकांच्या शिव्या आणि काही शहरांत हॉटेलचा नकार सोसून तो खेळला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. १९५० मध्ये त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्यात त्याची भूमिका त्यानेच केली.

मुलांचा लाडका सुपरमॅनही या लढाईत उतरला. १९४६ च्या उन्हाळ्यात रेडिओवरच्या मालिकेत त्याने पांढरे बुरखे घालणाऱ्या वंशद्वेषी टोळीचा समाचार घेतला. ही टोळी म्हणजे कू क्लक्स क्लॅन, हे ऐकणाऱ्या पोरासोरांनाही कळले. न्याहारीच्या पदार्थाची जाहिरात करता करता एवढे मोठे काम झाले.

संगीतात काळ्यांच्या गाण्यांची यादी 'बिलबोर्ड' हे व्यापारी साप्ताहिक 'रेस रेकॉर्ड्स' म्हणजे 'वंशाच्या तबकड्या' अशा नावाने छापत असे. १९४९ मध्ये ते नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' झाले. नॅट किंग कोल या गायकाचा आवाज गोऱ्यांच्या दिवाणखान्यात घुमत होता, पण १९४८ मध्ये त्याने लॉस एंजलिसच्या श्रीमंत भागात घर घेतले तेव्हा शेजाऱ्यांनी विरोध केला. १९५६ मध्ये त्याचा टेलिव्हिजन कार्यक्रम सुरू झाला. देशभर जाहिरात देणारी एकही कंपनी पुढे आली नाही आणि वर्षभराने तो बंद पडला. आवाज हवा, पण शेजार नको!

आमच्यासारख्या साप्ताहिकवाल्यांना जास्त जवळची वाटते ती जॉन जॉन्सन यांची गोष्ट. शिकागोच्या या तरुणाने १९४२ मध्ये आईचे घरसामान तारण ठेवून ५०० डॉलर उभे केले आणि पहिले मासिक काढले. नोव्हेंबर १९४५ मध्ये त्यांनी 'एबनी' सुरू केले. पहिल्या अंकाच्या २५,००० प्रती छापल्या होत्या. डॉक्टर, वकील, गायक, नववधू, सजवलेली घरे असे कृष्णवर्णीयांचे आयुष्य त्यात सन्मानाने छापले जाई. काळा माणूसही रेडिओ, साबण, मोटार विकत घेतो, हे मोठ्या कंपन्यांना पटवायला मात्र जॉन्सन यांना अनेक दारे ठोठवावी लागली.

पन्नास सेंटची बाहुली

महागाई मोजता येते. मनावर झालेला घाव कसा मोजायचा? केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी ते करून दाखवले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या स्वस्त वस्तूंच्या दुकानातून त्यांनी प्रत्येकी ५० सेंटला बाहुल्या आणल्या. काही गोऱ्या, काही सावळ्या, बाकी सारख्याच. मग लहान कृष्णवर्णीय मुलांना विचारले, यातली चांगली कोणती? वाईट कोणती? बहुतेक मुलांनी चांगली म्हणून गोरी बाहुली उचलली. शेवटी 'तुझ्यासारखी कोणती' असे विचारल्यावर काही मुले रडू लागली. १९५४ मध्ये शाळांतले वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल लागला, तेव्हा न्यायालयापुढच्या पुराव्यांत या बाहुल्याही होत्या.

दहा सेंट आणि ३८१ दिवस

अमेरिकेची ही बाजू कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी जवळून पाहिली होती. १९४६ मध्ये त्यांनी थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. डू बॉइस यांनी ३१ जुलैला आपुलकीने उत्तर धाडले.

आता आपले नाणे शेवटच्या प्रवासाला निघते. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात बसचे भाडे दहा सेंट होते. कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढच्या दाराने चढून ते पेटीत टाकायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने चढायचे. कधी कधी तेवढ्यात बस निघून जाई, पैसे गेले ते गेलेच. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला. त्यांना १० डॉलर दंड आणि वर ४ डॉलर न्यायालयाचा खर्च भरण्याची शिक्षा झाली.

त्यांच्या अटकेच्या रात्रीच जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने जागून हजारो पत्रके छापली. ५ डिसेंबरपासून बहिष्कार सुरू झाला. कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच, म्हणजे दहाच सेंट घेऊन माणसे पोचवली. पोलिसांनी कमीत कमी ४५ सेंट भाड्याचा जुना नियम काढून ते बंद पाडले, तेव्हा लोकांनी आपापल्या मोटारी आणल्या. बाकीचे पायी चालले. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बायका पहाटे निघून मैलोन् मैल चालत गेल्या. बसचे तीनचतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय होते. त्यांची नाणी बंद होताच कंपनी हादरली आणि जानेवारीत भाडे १५ सेंट करावे लागले.

जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी शेजारणींना जमवून केक, रताळ्याचे गोड पाय आणि कोंबडीची सँडविचेस विकून पेट्रोलसाठी पैसे जमवले. मंडळाचे नाव ठेवले 'कुठलेच नाही मंडळ'. पैसा कुठून आला, असे कोणी विचारले तर खरे उत्तर तयार, 'कुठून नाही!' न्यायालयात साक्ष दिल्यावर बाईंची नोकरी गेली, पण चूल विझली नाही. ३८१ दिवसांनी, डिसेंबर १९५६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम शहरात पोचला आणि ती माणसे पुढच्या दाराने चढून हवे तिथे बसली.

वाचकहो, भावाच्या याद्या आपण सगळेच करतो. अमुक साली पाव एवढ्याला होता, दूध तेवढ्याला होते. पण वस्तूचा भाव एक असतो आणि माणसाची पत दुसरी, हे त्या याद्यांत लिहिलेले नसते. माँटगोमेरीच्या गरीब बायकांपाशी ना सत्ता होती, ना बँक. पदराला बांधलेले एक नाणे होते. ते पेटीत टाकायचे की नाही, एवढेच त्यांच्या हातात होते. त्यांनी ते वर्षभर टाकले नाही, आणि तेव्हा कुठे त्या नाण्याची खरी किंमत साऱ्या देशाला कळली.