शेतावरील मोबाइल आणि पॉवर बँक

शेतकऱ्याच्या अवजारांत मोबाइलची भर पडून आतां बरींच वर्षें लोटलीं. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, सरकारी योजनांचे ओटीपी, मोटार दुरून चालू-बंद करणारा स्टार्टर, हीं सर्व कामें त्या एकाच यंत्रावर येऊन पडलीं आहेत. परंतु त्यांतील विजेचा सांठा संपला म्हणजे दहा-पंधरा हजारांचें हें यंत्र खिशांतील दगडाप्रमाणें निरुपयोगी होतें. आपल्या जिल्ह्यांत पुष्कळ कुटुंबें गांवठाण सोडून शेतांतील वस्तीवर राहतात, व कित्येक वस्त्यांची वीज शेतीच्या वाहिनीवर अवलंबून असते. अशा कुटुंबांस पॉवर बँक ही चैनीची वस्तु नसून गरजेची आहे. मात्र ती पारखून घेतली पाहिजे. नाहीं तर पैसा जातो आणि ऐन वेळीं कामही अडतें.

गरज कोणती?

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून असतां पिकांची नोंद तलाठ्याच्या हातून गांव नमुना १२ मध्यें होत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद करण्याचें काम खुद्द खातेदाराच्या हातीं आलें. त्यासाठीं आपल्या गटांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावें लागतें. त्या वेळीं कॅमेरा, स्थळदर्शक जीपीएस आणि इंटरनेट हीं तिन्ही एकदम चालू असतात, व बॅटरी झपाट्यानें उतरते. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ गांवांसारख्या ठिकाणीं रेंज क्षीण असते. तेथें टॉवरचा शोध घेण्यांतच मोबाइलची पुष्कळ शक्ति खर्च होते. मुदतीच्या अखेरच्या दिवशीं मोबाइल बंद पडला तर नोंद राहते. मागाहून सहायकाकडून ती करून घेण्याची सोय असते खरी, पण मग काम दुसऱ्याच्या सवडीवर जातें. सातबाऱ्यावर पीक लागलें नाहीं तर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई व हमीभावाची खरेदी या प्रत्येक ठिकाणीं हेलपाटे सुरू होतात, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

दुसरी गरज रात्रीची. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना २०१७ सालीं सुरू झाली व तिच्या आरंभीच्या प्रकल्पांत आपल्याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धीचा समावेश होता. या योजनेमुळें दिवसा वीज मिळणाऱ्या गांवांची संख्या वाढत आहे. तरी रात्रपाळीचें पाणी अजून सर्वत्र सुटलेलें नाहीं. अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांत उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर असतो. तेथें पाणी भरावयास गेलेल्या माणसाजवळ घरीं हांक देण्याचें साधन चालू स्थितींत असणें हा जिवाचा प्रश्न आहे. तिसरी गरज आपत्तीची. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनें पाथर्डी व शेवगांव भागांतील शेतांत पाणी शिरलें. अशा प्रसंगीं वीज सर्वांत आधीं जाते, आणि निरोपाची निकडही नेमकी त्याच वेळीं असते.

आंकड्याचा अर्थ

पॉवर बँकेवर १०,००० किंवा २०,००० एमएएच असा ठळक आंकडा असतो. मोबाइलची बॅटरी ५,००० एमएएचची, म्हणून १०,००० च्या बँकेंतून तो दोनदां भरेल, असा हिशेब सामान्यतः केला जातो. हा हिशेब बरोबर नाहीं. तो ठळक आंकडा बँकेच्या आंतील लिथियम घटांचा असतो व त्यांचा दाब सुमारें ३.७ व्होल्ट असतो. बाहेर वीज देतांना हा दाब ५ व्होल्टपर्यंत किंवा त्याहून अधिक चढवावा लागतो. शिवाय तारेंत व मोबाइलमध्यें कांहीं वीज उष्णतेच्या रूपानें जाते. कालव्याच्या मुखाशीं सोडलेलें पाणी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत तितकेंच पोंचत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

खरा हिशेब वॅट-अवरमध्यें करावा. १०,००० एमएएचला ३.७ व्होल्टनें गुणून हजारानें भागिलें म्हणजे ३७ वॅट-अवर येतात. त्यांतील सुमारें एकतृतीयांश वाटेंत जातात व २४-२५ उरतात. ५,००० एमएएचचा मोबाइल पूर्ण भरण्यास साधारणतः १९ वॅट-अवर लागतात. म्हणजे १०,००० च्या बँकेंतून तो सव्वा वेळां भरतो. चांगल्या बँकेवर लहान अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ५,५०० ते ६,५०० असा दुसरा आंकडा दिलेला असतो. ग्राहकानें विश्वास ठेवावा तो या आंकड्यावर.

खरेदी करतांना

काष्टीच्या किंवा घोडेगांवच्या जनावरांच्या बाजारांत दांत पाहिल्यावांचून कोणी जनावर घेत नाहीं. पॉवर बँकेची परीक्षाही तितकीच सोपी आहे.

पहिली परीक्षा वजनाची. मोठ्यांत मोठ्या गोल घटांत (१८६५० जातीच्या) सुमारें ३,५०० एमएएच मावतात व अशा एका घटाचें वजन ४५ ते ५० ग्रॅम असतें. ५०,००० एमएएच म्हणून विकल्या जाणाऱ्या बँकेंत असे चौदा घट हवेत. केवळ त्यांचेंच वजन ६०० ग्रॅमांहून अधिक भरेल. तशी बँक दोन-अडीचशे ग्रॅमांत येत असेल तर आंकडा खोटा समजावा. चपट्या घटांची १०,००० ची बँकही दीडशे ग्रॅमांखालीं क्वचितच असते. किराणा दुकानांतील तराजू या परीक्षेस पुरेसा आहे.

दुसरी परीक्षा नोंदणीची. पॉवर बँकेस भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर आर अक्षरानें सुरू होणारा क्रमांक असतो. तो ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या अॅपमध्यें घालून उत्पादकाचें नांव जुळतें कीं नाहीं तें पाहावें. पक्की पावती घ्यावी.

तिसरी गोष्ट भरण्याच्या वेगाची, आणि वस्तीवरील शेतकऱ्यानें सर्वांत अधिक लक्ष हिच्याकडेच द्यावें. २०,००० ची बँक (७४ वॅट-अवर) १० वॅटच्या साध्या चार्जरवर भरण्यास नऊ-दहा तास लागतात. म्हणजे आठ तासांच्या पाळींत ती भरतच नाहीं. तीच बँक १८ वॅटनें वीज घेणारी असली, व चार्जरही तितक्या शक्तीचा असला, तर पांच-सहा तास पुरतात. १०,००० ची बँक साध्या चार्जरवरही पांच तासांत भरते. आपल्याकडे वीज किती तास असते हें आधीं पाहावें व मग आकार ठरवावा. एका मोबाइलास १०,००० ची पुरे; घरांत तीन-चार मोबाइल असतील तरच २०,००० ची घ्यावी.

पाठीवर सौरपट्टी बसविलेली बँक पाहून मोह होतो. तळहाताएवढी पट्टी कडक उन्हांतही जेमतेम दोन वॅट देते. १०,००० ची बँक तीवर भरण्यास चार दिवस लागतील, आणि तोंवर उन्हांत तापून घट बिघडतील. सूर्याचीच वीज हवी असल्यास १०-२० वॅटची निराळी पट्टी घेऊन ती उन्हांत व बँक सावलींत ठेवावी.

वापर

चार्जरवर १००-२४० व्होल्ट असें लिहिलेलें पाहावें, कारण शेतीच्या वाहिनीचा दाब कमी-अधिक होत असतो. मोटारीच्या स्टार्टरमधून उघड्या तारा काढून चार्जर जोडूं नये. ओल्या जागीं हा प्रकार प्राणघातक आहे. ट्रॅक्टरवरील १२ व्होल्टच्या सॉकेटांतून योग्य चार्जरनें बँक भरतां येते. केबल आंखूड व जाड असावी. लांब बारीक तारेंत वीज वायां जाते.

मोबाइल अगदीं बंद पडेपर्यंत थांबूं नये. पीक पाहणीस निघण्यापूर्वीं तो पूर्ण भरावा आणि बँक पिशवींत राखीव ठेवावी. साध्या बटणाच्या मोबाइलास वीज फार थोडी लागते. त्यामुळें कांहीं बँका आपोआप बंद होतात. कमी प्रवाहाची सोय असलेल्या बँकेचें बटण माहितीपत्रकाप्रमाणें दाबलें म्हणजे ही अडचण दूर होते. रात्रीं शेतांत जातांना स्वतंत्र विजेरी न्यावी, म्हणजे उजेडासाठीं मोबाइल खर्ची पडत नाहीं.

निगा

लिथियम घटाचा मुख्य शत्रु उष्णता. उन्हांत उभ्या केलेल्या दुचाकीच्या डिकींत, पत्र्याच्या शेडमध्यें किंवा चुलीजवळ बँक ठेवूं नये. उशीखालीं, अंथरुणांत अथवा कडब्याच्या गंजीजवळ ती चार्जिंगला लावूं नये. पावसाळ्यांत ती प्लॅस्टिकच्या पिशवींत न्यावी, पण भरतांना पिशवींतून बाहेर काढावी. महिनोन् महिने वापरावयाची नसल्यास निम्मी भरून ठेवावी, व दर दोन-तीन महिन्यांनीं पाहून पुन्हां तितकी भरावी.

बँक फुगली, तिला वास येऊं लागला किंवा ती हातास चटका देण्याइतकी तापूं लागली, तर तिचा वापर तत्काळ बंद करावा. ती दाबूं नये, टोंचूं नये व उघडूंही नये. उकिरड्यांत किंवा पाचटाच्या ढिगांत टाकलेली बँक आग लावूं शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावी.

सारांश, खोक्यावरील मोठ्या आंकड्यास भुलूं नये. वस्तूचें वजन, नोंदणी क्रमांक व रेटेड कपॅसिटी पाहावी, आपल्या विजेच्या तासांशीं भरण्याचा वेळ ताडून घ्यावा, आणि वीज असेल त्या दिवशीं बँक न विसरतां भरून ठेवावी. पेरणीच्या आधीं आपण बीं जसें तपासून ठेवितों, तशीच पीक पाहणीची मुदत सुरू होण्यापूर्वीं ही तयारी प्रत्येक खातेदारानें करावी, एवढीच विनंति आहे.