ताम्रपटातून सम्राट कसा ओळखावा

इ.स. 851 मधल्या एका अरबी प्रवासवृत्तात जगातले चार मोठे राजे सांगितले आहेत : बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि हिंदुस्थानातला बल्हरा. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांचा सम्राट. त्या वर्षी गादीवर पहिला अमोघवर्ष होता. हे घराणे स्वतःला लट्टलूर नगरीचे अधिपती म्हणवी, आणि लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भोकरहून नांदेडमार्गे कंधारला जाणारा माणूस याच सम्राटांच्या मुलखातून जातो. शाळेत मात्र त्यांची ओळख वेरूळच्या कैलास लेण्याच्या एका ओळीत आटोपते, याचे मला फार वाईट वाटते.

चीनच्या सम्राटांबद्दल पुष्कळ तपशील मिळतो. तिथे राजाचे बोलणे-वागणे टिपून ठेवायला दरबारी लेखनिक असत, आणि एक घराणे गेले की पुढचे घराणे आधीच्याचा अधिकृत इतिहास लिहवून घेई. अधिकृत मानलेले चोवीस इतिहास आहेत. राष्ट्रकूटांचा तसा एकही दरबारी इतिहास हाती आलेला नाही. त्यांची राजवट कळते ती शिलालेखांतून आणि जमिनीच्या दानपत्रांतून, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवरून.

एका ताम्रपटात बहुधा तीन पत्रे असतात. कडेला भोक, त्यात कडी, कडीवर गरुडाची राजमुद्रा. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी सोडतात, म्हणजे मजकूर घासला जात नाही. सुरुवातीला देवाचे स्तवन. मग वंशावळ : कोणाचा मुलगा कोण, कोणी कोणाला हरवले. हा भाग श्लोकांत असतो आणि त्यात स्तुती भरपूर, तेव्हा विजयांच्या यादीवर लगेच विश्वास ठेवू नये. शत्रूच्या लेखात तीच लढाई शोधावी. त्यानंतर गद्यात राजाची आज्ञा : दान घेणाऱ्याचे नाव, गोत्र, मूळ गाव, दिलेले गाव, त्याच्या चतुःसीमा. ग्रहणासारखे निमित्त, शक, तिथी. शेवटी दान मोडणाऱ्याला शाप आणि लिहिणाऱ्याचे नाव. चतुःसीमांचा हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तिथे स्तुती संपते आणि शेजारची गावे, नदी, ओढे नावानिशी येतात.

शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. महिन्यानुसार कधी 79. कोल्हापूरकडच्या सामानगडाच्या ताम्रपटावर शक 675 आहे, म्हणजे 753-54. घराण्याला साम्राज्यपदाला नेणाऱ्या दंतिदुर्गाचा तो काळ.

खरी अडचण नावांची. या घराण्यात कृष्ण तीन, गोविंद चार. म्हणून बिरुद पाहायचे. ध्रुव तो धारावर्ष, तिसरा गोविंद प्रभूतवर्ष, तिसरा इंद्र नित्यवर्ष. पण कृष्ण नावाच्या तिघांनाही अकालवर्ष म्हणत, तेव्हा बिरुदाबरोबर बापाचे नाव आणि शकही जुळला पाहिजे. चीनमध्येही एकाच माणसाची तीन नावे सांभाळावी लागतात. 851 मध्ये तिथे तांग घराण्याचा ली चेन राज्य करीत होता. मृत्यूनंतर पूर्वजांच्या मंदिरात त्याला श्वानझोंग हे नाव मिळाले, आणि त्याच्या कारकिर्दीत वर्षे मोजली जात ती दाझोंग या कालनावाने.

कंधारच्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखात जगत्तुंगसमुद्र या तलावाचा उल्लेख आहे. जगत्तुंग हे तिसऱ्या गोविंदाचे बिरुद, आणि दुसऱ्या कृष्णाच्या एका मुलाचे नावही जगत्तुंगच. नुसते नाव वाचून तलाव अमक्याने बांधला असे ठोकून देऊ नये, ते याचसाठी.

गादी थोरल्यालाच मिळेल, असा नेम नव्हता. ध्रुवाने थोरला भाऊ दुसरा गोविंद याला दूर सारून राज्य घेतले. त्यानेच पुढे धाकट्या मुलाला, तिसऱ्या गोविंदाला, वारस केले. थोरला स्तंभ बारा राजांची जूट बांधून उठला. गोविंदाने त्याला हरवले आणि पुन्हा गंगवाडीचा कारभार त्याच्याच हाती दिला. सत्तेच्या भांडणात असा मोठेपणा विरळा. चीनमध्ये छिंग घराण्याच्या कांगशीने नेमलेला वारस दोनदा दूर केला. पुढे त्याचा मुलगा योंगझेंग याने वारसाचे नाव लिहून राजवाड्यातल्या एका फलकामागे लपवून ठेवण्याची रीत पाडली.

अमोघवर्ष 814 च्या सुमारास लहान वयात गादीवर आला. गुजरात शाखेचा चुलतभाऊ कर्क याने राज्य सांभाळले, बंडे मोडून काढली. अमोघवर्षाने सुमारे 64 वर्षे राज्य केले, कांगशीने 61. प्रजेवरचे संकट टळावे म्हणून अमोघवर्षाने महालक्ष्मीला डाव्या हाताचे बोट वाहिले, हे संजाणच्या ताम्रपटात कोरलेले आहे. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड, 972 मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने लुटली, आणि वर्षभरात चालुक्य तैलपाने राज्य संपवले.

भोकर, कंधार, अहमदपूर, उदगीर या भागांत नांगरताना किंवा पाया खोदताना असा पत्रा लागला, तर तो वितळवू नका, घासूनही काढू नका, अक्षरे जातात. जागेवरच फोटो घ्या आणि तहसील कार्यालयाला कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्याने जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.