मराठी दंडात बेडकी, रोमन दंडात उंदीर

शाळकरी पोराला ‘बेटकुळी काढून दाखव’ म्हणा, लगेच मूठ आवळून कोपर दुमडेल आणि श्वास रोखून दंडाकडे बघत बसेल. बेटकुळी, बेडकुळी, कुणी सरळ बेडकीच म्हणतं. मराठी माणसाला त्या टम्म फुगवट्यात बेडूक दिसला. रोमन माणसाला दिसला उंदीर! इंग्रजी ‘मसल’ फ्रेंचमार्गे आला तो लॅटिन ‘मुस्कुलुस’पासून, आणि मुस्कुलुस म्हणजे पिटुकला उंदीर. कातडीखाली सुळकन सरकणारा.

ग्रीकांचंही तेच. त्यांच्या ‘मीस’ या शब्दाचा अर्थ उंदीर आणि स्नायूही. हृदयविकाराच्या रिपोर्टवरच्या ‘मायोकार्डियल’मधला ‘मायो’ तिथलाच. (‘मायोपिया’तला मात्र नव्हे, तो डोळे मिटण्याच्या क्रियापदातून आला.) जुन्या इंग्रजीतला ‘मूस’ उंदरालाही चाले आणि दंडाच्या स्नायूलाही, म्हणजे लॅटिन पाहुणा येण्याआधीच इंग्रजांच्या दंडात उंदीर शिरलेला होता.

आता माझा सगळ्यात लाडका धागा. संस्कृत ‘मूष्’, लॅटिन ‘मूस’, इंग्रजी ‘माउस’ ही एकाच आदिम शब्दाची लेकरं. गणपतीच्या पायाशी बसलेला मूषक आणि जिममधला मसल एकाच घराण्यातले! याच घराण्यात संस्कृतचा ‘मुष्क’ही आहे. मूळ अर्थ छोटा उंदीर, रूढ अर्थ वृषण. कस्तुरीमृगाच्या ग्रंथीचा आकार तसाच, म्हणून बहुतेक कोशकारांच्या मते मुष्कचा फारसीत ‘मुश्क’ झाला आणि ग्रीक-लॅटिन फिरत इंग्रजीत ‘मस्क’, म्हणजे कस्तुरी. जायफळाला इंग्रजीत नटमेग म्हणतात, त्यातलं ‘मेग’ही या कस्तुरीचंच. श्रीखंडात जायफळ किसताना मला हे हमखास आठवतं.

गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्या शिंपल्यांचं इंग्रजी नावही ‘मसल’च. उच्चार तोच, स्पेलिंग निराळं, मूळ तेच मुस्कुलुस. सीझरच्या सैन्याने तर इ.स.पू. 49 मध्ये मासिलियाच्या, म्हणजे आजच्या मार्सेच्या वेढ्यात 60 फूट लांबीचा ‘मुस्कुलुस’ बांधला होता: तटाला भिडेपर्यंत सैनिकांनी आडोशाला राहावं म्हणून केलेली भक्कम लाकडी छपरी.

आणि घरातल्या उंदराचं शास्त्रीय नाव? लिनियसने 1758 मध्ये दिलेलं ‘मुस मुस्कुलुस’. उंदीर, पिटुकला उंदीर.